गज वाकडा झालाय

(दृश्य: सेलूजवळचं गाव, सकाळ. माळवदाच्या घराची खिडकी.)

एक दिवस आमच्या आबांनी फर्मान काढलं, लोहाराला बोलवा, खिडकीचा गज वाकडा झालाय. गज चांगला सरळ होता. दोन दिवस आम्ही हसण्यावारी नेलं, पण मग पेपरातल्या ओळी मधातच लहरायल्यात, समोरच्याच्या तोंडाच्या जागी धुरकट डाग दिसायला, असं म्हणायले तेव्हा गाडी काढली अन् परभणी गाठली. मोतीबिंदूच असणार असं सगळ्यांना वाटायलं होतं.

मोतीबिंदू नव्हता. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला म्हणतात त्याला, त्याची वयानं झालेली झीज. टिकलीएवढी जागा, पण वाचायचं, माणूस ओळखायचं काम तिचंच. ह्यात दोन प्रकार, कोरडा अन् ओला. आपण पडलो दुष्काळी भागातले, ओलं म्हणलं की बरंच वाटतं, इथं मात्र उलटं हाय. ओल्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात अन् पाझरतात, नजर झपाट्यानं जाते, त्याला डोळ्यात इंजेक्शनच लागतं. आबांचा डावा ओला, उजवा कोरडा.

(दृश्य: कोनाड्यात गोळ्यांची डबी, शेजारी बिडीचं बंडल.)

ही डोळ्यांसाठीच्या व्हिटॅमिन गोळ्यांची डबी काकानं पुण्याहून पाठवलेली, डॉक्टरला दाखवायच्या आधीच. खरं सांगायचं तर ह्या गोळ्यांचं शास्त्र मुख्य म्हणजे एका चाचणीवर उभं हाय, अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटची अरेड्स. 2001 ला निकाल आला: व्हिटॅमिन सी, ई, झिंक, कॉपर अन् बीटा कॅरोटीन एकत्र दिलं तर मधल्या टप्प्यातल्या, किंवा एक डोळा आधीच बिघडलेल्या माणसांत रोग शेवटच्या टप्प्याला जायचा धोका 5 वर्षांत साधारण 25 टक्के कमी होतो. गेलेली नजर परत येत नाही, अन् ज्याला हा रोगच नाही त्यानं मोबाईल बघून डोळे दुखतात म्हणून ह्या खाणं म्हणजे पैसे पाण्यात.

डॉक्टरनी डबी उलटी करून मागचं बारीक छापलेलं वाचलं अन् विचारलं, "आबा, बिडी किती वर्षं?" आबा म्हणले, "चाळीस असतील की." डबी बाजूला ठेवली त्यांनी. त्यात बीटा कॅरोटीन होतं अन् बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्यानं फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून तर 2013 च्या अरेड्स 2 ह्या पुढच्या चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटीन 10 मिलीग्रॅम अन् झियाझँथिन 2 मिलीग्रॅम, ही भाजीपाल्यातली रंगद्रव्यं, आली. झिंक पण थोडंथोडकं नाही, मूळ चाचणीत 80 मिलीग्रॅम होतं, त्यानं अंगातलं कॉपर कमी होतं म्हणून कॉपर जोडीला. म्हणजे ही काय लिमलेटची गोळी नाही.

ल्युटीन मेथीत, पालकात भरपूर, अन् आजी भाकरीसोबत मेथी रोजच वाढते, पण चाचणीतला झिंकचा डोस काय ताटातून मिळत नाही. बिडी सुटणं जास्त महत्त्वाचं, ते डॉक्टरनी तीनदा सांगितलं. बंडल अजून कोनाड्यातच हाय, आबा म्हणतात रिकामंच हाय.

(दृश्य: आबा खिडकीसमोर, एक डोळा हातानं झाकून.)

रोज सकाळी चष्मा लावून एक एक डोळा झाकायचा अन् गज बघायचा, जरा जास्त वाकला की लगेच सांगायचं, असं ठरलंय. आज डावा झाकला, उजव्यानं बघितलं. आजीनं आतून विचारलं, "कसाय वो?"

"सरळ हाय. चहा टाक."