सुलट कोणती, उलट कोणती?

(ह्यूस्टनमधल्या मराठी मंडळींच्या शनिवारच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

मंडळी, बोलायला लागण्याआधी ही मनगटपट्टी तुमच्याकडे देते. पहिल्या रांगेतून मागे मागे जाऊ द्या. मात्र आधी हात पुसा. बटाटेवड्याचं तेल लिननमधून निघत नाही, हे मी अनुभवाने सांगते. पांढऱ्या लिननवर काळ्या रेशमाची वेल आहे. नीट बघा आणि मनाशी ठरवा, सुलट बाजू कोणती आणि उलट कोणती. उत्तर शेवटी.

ह्यूस्टनजवळच्या टॉड मिशनची ती ‘रेनेसान्स’ जत्रा, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या थाटाची, तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी पाहिली असेल. 1974 पासून दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात शनिवार-रविवारी भरते. टर्कीच्या तंगड्या, भाल्यांच्या झुंजी, आणि दर दहा पावलांवर कुणीतरी ‘हुझ्झा!’ म्हणून ओरडतंय. ही कल्पना मूळची कॅलिफोर्नियाची. फिलिस पॅटरसन ही शिक्षिका आणि तिचा नवरा रॉन यांनी 1963 साली लॉस एंजेलिसमध्ये एका रेडिओ स्टेशनला निधी जमवण्यासाठी पहिली जत्रा भरवली. बहुतेक लोक तिथे जीन्स घालून येतात, खातात-पितात, घरी जातात. काहीजण मात्र सोळाव्या शतकातले कपडे हाताने शिवून, भरून, घालून येतात. या कपड्यांना तिथे ‘गार्ब’ म्हणायचं. ‘कॉस्च्यूम’ म्हटलंत तर तोंडं वाकडी होतात. मी त्या वाकड्या तोंडांपैकी एक.

माझा पहिला पोशाख कसा होता ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. पडद्याचं मखमली कापड, पॉलिएस्टरचं, वाईनच्या रंगाचं. त्यावर दुकानातली तयार सोनेरी लेस. आतून काय, तर रोजचा टी-शर्ट. आरशात मी राणीच दिसत होते. टेक्सासचा ऑक्टोबर म्हणजे आपला वैशाखच. अकरा वाजता घामाने थबथबले. बाराला बाकावर जेवायला बसले आणि चोळीत घातलेली प्लास्टिकची पट्टी शिवण फाडून थेट काखेत घुसली. उरलेला दिवस एक हात किंचित वर धरून फिरले. लोकांना वाटलं, बाईंचा रुबाब आहे!

घरी येऊन तो झगा उतरवला तेव्हा लक्षात आलं, सगळा पैसा बाहेरच्या थरावर गेला होता. आत काहीच नव्हतं. आणि इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला कपडा आतून बाहेर असा रचत जायचा असतो. हे कळायला मला एक काख आणि दीडशे डॉलर लागले.

तर आतून सुरुवात. अंगाला लागून लिननचा स्मॉक, म्हणजे पायघोळ सदराच. त्याचं बेतणं पाहिलंत तर आजोबांची आठवण येईल. सगळे चौकोन आणि त्रिकोण. पाठपोट एक लांब चौकोन, बाह्या दोन चौकोन, घेरासाठी बाजूला कळ्या, आणि हात वर करता यावा म्हणून बगलेत छोटा चौकोनी तुकडा. जुन्या सदऱ्याला असायचा, तोच. कापड हाताने कातलेलं, हाताने विणलेलं, म्हणून महाग. त्यामुळे एक चिंधीही वाया जाऊ न देता कापायचं. मला साडेतीन वार लागलं. दोरा लिननचा, त्याला मेण लावून घ्यायचं, नाहीतर तिसऱ्या टाक्याला गुंता. शिवणीची कड आत दुमडून पुन्हा शिवायची, कारण हाच कपडा धुतला जायचा. वरचे रेशमी थर पाणी बघतच नसत. घाम पिण्याचं काम याचं. उन्हात लिननचा स्मॉक घालून बघा. घाम त्यात मुरतो, वारा लागला की गार वाटतं. त्यावर तीन थर असूनही मी आता जत्रेत टी-शर्टवाल्यांपेक्षा सुखात असते.

त्यावर ‘पेअर ऑफ बॉडीज’. डावा-उजवा असे दोन भाग, म्हणून ‘पेअर’. या ‘बॉडीज’चाच पुढे ‘बॉडीस’ झाला. हो, आपल्या आज्या वाळत घालताना टॉवेलखाली लपवायच्या तीच बॉडीस. दोन थरांच्या मध्ये उभ्या नळ्या शिवायच्या आणि त्यांत ताठ काहीतरी घालायचं. तेव्हा बोरू, सुकलेल्या गवताच्या काड्या किंवा देवमाशाच्या तोंडातली पट्टी वापरत. मी हार्डवेअरच्या दुकानातले जाड केबल टाय वापरते. हसू नका, गार्बवाल्या निम्म्या बायकांच्या अंगात केबल टायच असतात. टोकं कापून, मेणबत्तीवर गोल करून घ्यायची, म्हणजे काख वाचते. आधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर बघायचा. या मांजरपाटाला अमेरिकेत ‘मसलिन’ म्हणतात! ढाक्याच्या विणकरांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

नाडीची भोकं धातूच्या रिंगा ठोकून करायची नाहीत; त्या फार नंतरच्या. आरीने धागे बाजूला सारायचे. कापायचे नाहीत, सारायचे. मग भोवतीने घट्ट टाके घ्यायचे. धागा तुटलेला नसल्यामुळे नाडी कितीही ओढली तरी भोक फाटत नाही. एका भोकाला दहा मिनिटं, आणि माझ्या बॉडीजला अठ्ठावीस भोकं. हिशेब तुम्हीच करा.

कमरेला एक वळकटीसारखं गाठोडं बांधायचं, घेर उचलून धरायला. मी त्यात घरातल्याच चिंध्या भरल्या. मग परकर, झगा, वेगळ्या बांधायच्या बाह्या. हो, बाह्या सुट्या. त्यावर फार बोलत नाही. कारण इथवर नीट जमलं की वरचा झगा साध्या लोकरीचा असला तरी रुळतो, आणि नसेल जमलं तर जरतारीचाही पोत्यासारखा लोंबतो.

आता एक गंमत. 1603 साली एलिझाबेथ वारली तेव्हा अंत्ययात्रेसाठी तिचा लाकडी पुतळा केला होता. त्या पुतळ्याच्या अंगावरची बॉडीज वेस्टमिन्स्टर ॲबीने अजून जपून ठेवली आहे. आणि राणीच्या जामदारखान्यातले ते मोती मढवलेले झगे? एकही धड उरलेला नाही. पुतळ्याच्या आतला साधा कपडा राहिला, जिवंत राणीचा वरचा डामडौल गेला.

बहुधा तिच्याच झग्याचा असलेला एक तुकडा मात्र सापडला. हेरफर्डशायरमध्ये बॅक्टन नावाचं खेडं आहे. राणीची अगदी जवळची सेविका ब्लांच पॅरी तिथली. त्या गावच्या चर्चमध्ये एक जुनं, भरतकामाचं वेदीवरचं वस्त्र होतं. वेशभूषेच्या अभ्यासक एलेरी लिन यांनी 2016 मध्ये ते पाहिलं. चांदीच्या तारेचं कापड, त्यावर फुलं, पानं, किडे, प्राणी, आणि जागोजागी कापून पुन्हा जोडल्याच्या खुणा. म्हणजे हे मूळचं वेदीसाठी नव्हतं, कुणाच्या तरी झग्याचं होतं. आणि असं कापड तेव्हा कोण घालणार? राणीच्या ‘रेनबो पोर्ट्रेट’ नावाच्या चित्रातल्या चोळीवर अगदी याच जातीचं भरतकाम आहे. 2019 च्या अखेरीला लंडनच्या हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात ते मांडलं होतं, तेव्हा मी गेले होते. काचेपाशी इतकी वाकले की पहारेकऱ्याने खाकरून सुचवलं. त्यात एक सुरवंट आहे म्हणतात. मला नाही सापडला, फुलांतच गुंतून गेले.

आता तुमच्या हातातल्या पट्टीकडे येते. काळ्या रेशमाच्या या कामाला ब्लॅकवर्क म्हणतात. तेव्हा ‘स्पॅनिश वर्क’ही म्हणत, आणि आठव्या हेन्रीची पहिली, स्पेनची बायको, अॅरागॉनची कॅथरीन, ते घेऊन आली अशी गोष्ट सांगतात. ती 1501 मध्ये इंग्लंडला आली. पण त्याच्या शंभरेक वर्षं आधी चॉसर या इंग्रज कवीच्या गोष्टीतल्या सुताराच्या बायकोच्या गळपट्टीवर कोळशासारखं काळं रेशीम भरलेलं आहे, आणि तेही आतून आणि बाहेरून. तेव्हा कॅथरीनने फार तर ते दरबारात चालवलं असेल. चित्रकार होल्बाइनने हेन्रीच्याच तिसऱ्या बायकोचं, जेन सीमोरचं चित्र काढलं, ते व्हिएन्नाला आहे. त्यात तिच्या मनगटावरची नक्षी इतकी नेमकी रंगवली आहे की त्यावरून टाके मोजून भरता येतात. म्हणून या टाक्याचं नावच ‘होल्बाइन टाका’ पडलं.

करायचं असं. लिननचे धागे मोजायचे. माझ्या कापडात इंचाला पस्तीस. दोन धाग्यांवर एक टाका, दोन धागे सोडायचे, पुन्हा टाका. साधा धावदोरा. रेघेच्या टोकाला गेलं की त्याच वाटेने परत यायचं आणि सोडलेल्या जागा भरायच्या. फांदी आली तर जाताना फांदीवरही जाऊन यायचं, नाहीतर परतीला तुम्ही अधांतरी. आणि एक बारकी गोष्ट मला फार उशिरा कळली. परत येताना सुई त्याच भोकातून जाते, पण आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगाने बाहेर काढायची आणि खालच्या अंगाने आत घालायची. दर वेळी तसंच. तरच रेघ सरळ दिसते, नाहीतर पायऱ्या पडतात. गाठ कुठेही मारायची नाही. मनगटाची चुणीदार झालर उलटते, आतली बाजूही दिसते. म्हणून दोन्हीकडे सारखं.

हे शिकताना आठव्या दिवशी मी सुई खाली ठेवली आणि कपाटातून आजीची चंद्रकळा काढली. आम्ही बेळगावचे. आजीच्या लग्नातल्या त्या काळ्या लुगड्यावर धारवाडकडचं कसुतीचं भरतकाम आहे: गोपुर, रथ, तुळशीवृंदावन. पदर उलटून पाहिला. गवंती टाका. धागे मोजायचे, जायचं, परत यायचं, गाठ नाही, दोन्ही बाजू एक. कोण कुणाकडून शिकलं यात मी पडत नाही. मोजून भरणाऱ्या माणसाला या टाक्याची वाट स्वतःहूनही सापडू शकते. मला एवढंच वाटलं, की लहानपणी आजीजवळ दुपारी जरा बसले असते तर माझे हे आठ दिवस वाचले असते.

ब्लॅकवर्कच्या जुन्या टोप्या संग्रहालयांत आहेत. त्यांतल्या काहींवर गुलाब, स्ट्रॉबेऱ्या, वाटाण्याच्या शेंगा दिसतात, पण काळा दोरा गायब असतो. नुसती सुईची भोकं आणि फिकट तपकिरी सावली. कारण तो काळा रंग. मायफळासारख्या तुरट गाठींचा रस आणि लोखंडाचं पाणी मिळून तो होई, आणि लोखंड हळूहळू रेशीम खाऊन टाकतं. लाल, हिरवे दोरे टिकले, काळा आपल्याच रंगाने संपला. मी आजचं, कारखान्यात रंगवलेलं रेशीम वापरते. इथे मी प्रामाणिकपणाला रजा देते.

बरं, हे सगळं कुणीही घालावं असं नव्हतं. 1574 च्या राजाज्ञेत कुणी कोणतं कापड, कोणती फर, कोणता रंग घालावा याची यादीच होती. उलट 1571 च्या कायद्याने साध्या माणसांना रविवारी, सणावारी लोकरीची टोपी घालायची सक्ती केली. नाही घातली तर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. लोकर विणणाऱ्यांचं पोट भरावं म्हणून! जत्रेत मात्र पाहावं तो सरदार. मी व्यापाऱ्याची बायको बनते. तिला बसता येतं, खाता येतं आणि स्वतःची पिशवी स्वतः धरता येते.

शेवटी गळ्याची चुणीदार कॉलर, रफ. सहा वार तलम लिनन, गळ्याएवढ्या पट्टीत चुण्या घालून बसवलेलं. तिला खळ लागते. 1564 मध्ये डिंगन व्हॅन डेर प्लास नावाची फ्लेमिश बाई लंडनला आली आणि तिने खळ घालायचे वर्ग काढले. फी चार-पाच पौंड, आणि खळ शिजवायची कृती हवी तर वर वीस शिलिंग! आपल्याकडे हे ज्ञान फुकट मिळतं, त्यामुळे किंमत नाही. फिलिप स्टब्स नावाच्या एका चिडक्या गृहस्थाने 1583 मध्ये खळीला सैतानाचं पाणी म्हटलं. मी तांदळाची पेज गाळून घेते, कापड बुडवते, अर्धवट वाळलं की केस कुरळे करायच्या गरम दांडीवर एकेक चुणी गोल करते. तेव्हा लोखंडी कांब तापवत. ह्यूस्टनची दमट हवा असली की दुपारपर्यंत कॉलरीचं फडकं होतं. पावसात रफ कशा लोंबतात यावर स्टब्सही खूप खवळला होता. तेवढ्यापुरतं माझं आणि त्याचं पटतं.

जत्रेत कधी कुणी विचारतं, तुम्ही भारतीय, तुमचा या कपड्यांशी काय संबंध? तेव्हा मी थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगते. याच राणीच्या राज्यात वाढलेला मुलगा, 1579 मध्ये गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि हजारो ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहून गेला. तुमच्या माणसाने आमची ओवी उचलली, मी तुमची कॉलर घातली. फिटंफाट.

कुणाला सुरू करायचं असेल तर मखमल घेऊ नका. साडेतीन वार लिनन, मेण, एक बारीक सुई, बस्स. आतल्या लांब शिवणी मशीनवर मारल्यात तरी कुणी उलटून बघत नाही. दिसतील त्या टिपा तेवढ्या हाताने घाला.

आली का पट्टी परत? काय ठरलं? ही सुलट म्हणता? आणि काकू, तुम्ही ती म्हणता. मला विचाराल तर एकाच खुणेवरून कळतं. कोपऱ्यातल्या तिसऱ्या पानाशी दोरा जरा जाड दिसतो ना, तिथे मी नवा दोरा सुरू करून जुन्याखाली दडवला आहे. ती उलट. पण पट्टी द्या बघू इकडे, दुसऱ्या हाताची अजून अर्धीच झाली आहे आणि जत्रा तीन आठवड्यांवर आली आहे.