कपाळावरचे कंगोरे
(जळगाव येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या टेबलावर एका कपाळावरून भांडण झालं. खेळ भूमिका वठवण्याचा: प्रत्येक मुलगा एक पात्र होऊन बोलतो, बाकीची पात्रं आणि गोष्ट मी चालवतो. विश्व स्टार ट्रेक या अंतराळातल्या टीव्ही मालिकेचं. एका मुलाचा योद्धा क्लिंगॉन, म्हणजे त्या मालिकेतल्या परग्रहावरच्या लढवय्या जमातीतला, आणि सपाट कपाळाचा होता. नवा आलेला खेळाडू म्हणाला, हे कपाळ रोगाचं आहे, तू सांगतोस तसं सम्राटाच्या हुकुमाचं नाही. दोघांनी पुरावे आणले आणि दोघांचेही पुरावे अस्सल निघाले.

१९६७ साली क्लिंगॉन पहिल्यांदा पडद्यावर आले ते जवळजवळ माणसांसारखेच. तेव्हाच्या मालिकेला जास्त मेकअप परवडत नव्हता. १९७९च्या चित्रपटात पैसा आला आणि कपाळावर कंगोरे उगवले. खेळ चालवणाऱ्याला मात्र 'बजेट वाढलं' हे उत्तर चालत नाही, कारण त्याच्या टेबलावरचा क्लिंगॉन तर खराखुरा जगत असतो. म्हणून १९८३ साली जॉन एम. फोर्ड यांनी फासा कंपनीच्या खेळासाठी वाट काढली: कंगोरेवाले मूळचे, आणि सपाट कपाळाचे माणसाचा अंश मिसळून मुद्दाम घडवलेले, माणसांच्या सीमेवर नेमायला. मला आजही ही कल्पना फार आवडते.

ती मोडली १९९४ साली. कोर, कोलोथ आणि कांग हे जुन्या मालिकेतले तिघे म्हातारे होऊन परतले. नट तेच, पात्रं तीच, आणि कपाळावर कंगोरे! वेगळा वंश म्हणायची सोयच उरली नाही. १९९६ साली मालिकेतल्या वॉर्फ या क्लिंगॉनला माणसांनी सरळ विचारलं, तर तो म्हणाला, आम्ही हे बाहेरच्यांशी बोलत नाही. शेवटी २००५ साली मालिकेनंच कारण दिलं: माणसाची सुधारित जनुकं वापरून केलेला प्रयोग फसला, त्यातून विषाणू पसरला आणि कंगोरे गेले.

आता यातलं खरं कोणतं? मी हा प्रश्नच बदलतो. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कोणाला सांगितलं? खान्देशात बसून हे समजायला जड जाऊ नये. अकबरानं १६०१ साली असीरगड घेतला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून आपल्या मुलखाला 'दानदेश' केलं. त्या वेळच्या दरबारी कागदात दानदेश वाचून कोणी म्हणणार नाही की खान्देश नावाचा मुलूख नव्हताच. लिहिणारा दरबारात बसला होता, एवढंच. आणि श्रावणात आपल्याकडे घरोघरी बसवतात ती कानबाई देवी घ्या. एका घरची रीत दुसऱ्या घरी नाही. विचारलं तर आजी म्हणते, "आमना घर असंच ऱ्हास," म्हणजे आमच्या घरी असंच असतं. शेजारणीची कानबाई खोटी, असं ती कधीच म्हणत नाही. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. वॉर्फचं ते वाक्य मला इथल्या कोणत्याही माणसापेक्षा परकं वाटलं नाही.

तर आमच्या टेबलावर असं केलं. घडलं काय, हे माझ्या वहीत पक्कं लिहिलं: विषाणू. पण ज्या घराण्याचे कंगोरे रोगानं गेले, ते मुलांना रोग झाला म्हणून सांगेल? ते सांगेल, आपल्याला सम्राटानं सीमेसाठी निवडून घडवलं. फोर्ड यांची कल्पना अशी घराण्याची कहाणी होऊन राहिली. पहिल्या मुलानं वर्षभर जो अभिमान खेळला होता, त्यातलं एक अक्षर खोडावं लागलं नाही. यात मी हट्टी आहे. टेबलावर जे खेळलं गेलं, ते कुठलंही नवं पुस्तक येऊन पुसू शकत नाही. मुलांनी त्यात जीव ओतलेला असतो.

तिसऱ्या बैठकीत तो योद्धा आपल्या पणजीसमोर उभा राहिला. बरोबर दुसऱ्या मुलाचं पात्र होतं, कंगोरेवालं. योद्ध्यानं विचारलं, "आपलं कपाळ असं का?" मी पणजी होतो. मी त्या दुसऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "आधी याला बाहेर बसव."

तो मुलगा काही न बोलता उठला आणि खरोखरच ओसरीवर जाऊन बसला.