दार दिसतंय, पण दारात सापडत नाही

८ ऑगस्ट २००८, बीजिंगचं बर्ड्स नेस्ट स्टेडियम. ऑलिंपिकचं संचलन सुरू झालं, मानाप्रमाणे ग्रीस पहिला, आणि त्याच्या मागोमाग कोण तर गिनी! ऑस्ट्रेलिया, जो एरवी सुरुवातीलाच येऊन जातो, तो पार शेवटाकडे, त्याच्यामागे फक्त झांबिया आणि यजमान चीन.

आता चिनीत अआइई नाही की एबीसीडी नाही, मग क्रम लावायचा कसा, तर रेघा मोजून. गिनीच्या चिनी नावातलं पहिलं अक्षर दोन रेघांत होतं, भारताचं ५, ऑस्ट्रेलियाचं १५, झांबियाचं १६. झालं.

पण डिक्शनरीत हजारो अक्षरं, एकेका आकड्यात शेकड्याने जमतात, नुसत्या रेघांनी भागत नाही. म्हणून अक्षराचा एक तुकडा पकडतात, त्याला म्हणायचं बुशौ, म्हणजे विभागाचा म्होरक्या. इ.स. १०० च्या सुमारास शू शेन नावाच्या विद्वानाने असे ५४० विभाग पाडले, १६१५ मध्ये मेई यिंगझुओने ते २१४ वर आणले आणि विभागाच्या आत रेघांप्रमाणे रांग लावली. कांगशी बादशहाच्या १७१६ च्या कोशात ४७ हजारांवर अक्षरं अशीच बसवलीत.

खरी गंमत पुढे आहे. कांगशी कोशातली 閉, 問, 聞, 悶 ही चार अक्षरं बघा ('बंद करणं', 'विचारणं', 'ऐकणं', 'घुसमट'), चौघांतही दाराची चौकट 門 आहे, तुम्ही म्हणाल दार विभागात बघू. 'बंद करणं' तिथे सापडतं. 'विचारणं' मात्र तोंडात, 'ऐकणं' कानात आणि 'घुसमट' हृदयात! कारण या तिघांत दार फक्त उच्चार सुचवायला उभंय, अर्थ आतल्या तुकड्यात आहे. म्हणजे अर्थ शोधायला कोश उघडायचा आणि कोशात शोधायला अर्थ आधीच माहीत पाहिजे, घ्या! म्हणून बऱ्याच कोशांत 'सापडायला अवघड' अक्षरांची वेगळी यादीच असते, तिथे परत रेघा मोजा.

१९२० च्या दशकात शांघायच्या वांग युनवूने वेगळाच जुगाड काढला, अक्षराच्या चार कोपऱ्यांना ० ते ९ मधले आकडे द्यायचे, झाला चार आकडी नंबर. मग १९५८ मध्ये रोमन लिपीतली पिनयिन आली, आता शाळकरी कोश एबीसीडीप्रमाणेच लागतात, फक्त त्यासाठी उच्चार यायला हवा. तो येत नसेल तर लोक फोन काढतात आणि अक्षर बोटाने गिरवतात.