उलटा तीन

[दृश्य: खणाखणांची लाकडी पेटी, म्हणजे केस. खणांमध्ये छपाईच्या अक्षरांचे शिशाचे ठसे, म्हणजे खिळे. चिमट्यात धरलेला एक खिळा, अगदी जवळून.]

हा आकडा वाचा. सहा ना?

[खिळ्याला शाई. कागदावर ठसा.]

तीन. खिळ्यावर अक्षर उलटं असतं आणि देवनागरी ३ उलटा केला की जवळजवळ ६ दिसतो.

ही केस ज्यांच्या घरात आहे ते काका आधी कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे होते, पुढे मुद्रितशोधक झाले. नाव सांगायला तयार नाहीत. “आयुष्यभर दुसऱ्यांची नावं तपासली. आपलं कशाला?”

[दृश्य: शाळकरी वही. लाल पेन्सिलीचं अक्षर. पानं उलटताना काकांची बोटं.]

त्यांच्या दैनिकाला छापील शैलीपुस्तिका नव्हती. ही वही होती. पहिल्याच पानावर, दोनदा अधोरेखित: “आज लिहू नये.” बातमीदार संध्याकाळी ‘आज’ लिहितो, पेपर सकाळी दारात पडतो, तोवर त्या आजचा काल झालेला असतो. म्हणून वार लिहायचा. ‘सोमवारी’. गरज पडली तर कंसात ता. ६.

खाली: “परवा तर नकोच.” मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही. मंत्री परवा आले की येणार, हे क्रियापदावर कळतं. आणि मथळ्यात जागा वाचवायची झाली की पहिला बळी क्रियापदाचाच जातो.

[पान उलटतं.]

१ मे १९६०. मध्ये स्वल्पविराम नाही, एकच्या आधी शून्य नाही. “शून्य बँकेच्या फॉर्मात,” काका म्हणतात.

आणि हे पान, ज्यावर सगळ्यात जास्त खाडाखोड आहे. “रविवारी मध्यरात्री एक वाजता.” म्हणजे रविवार संपल्यावर, की सुरू झाल्यावर? घड्याळाची तारीख बाराला बदलते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. माणसाचा रविवार झोपून उठेपर्यंत चालतो. तीन वेळा खोडून काकांनी शेवटी लिहिलंय: “सोमवारी पहाटे.” रात्री एकला पहाट म्हणणं कानाला खटकतं खरं. पण रेल्वेच्या बातमीत ते खटकलेलंच बरं, नाहीतर वाचक सोमवारी रात्री बॅगा घेऊन स्टेशनवर.

[दृश्य: एका दैनिकाचा रात्रपाळीचा डेस्क. भिंतीवरचं घड्याळ, ११.२०. कानाला फोन लावलेली उपसंपादक.]

“एकोणसाठ? पाच-नऊ की सहा-नऊ?”

“पाच-नऊ, मॅडम. पाच-नऊ.”

एकोणसाठ, एकोणसत्तर. रेंज धड नसलेल्या गावातून फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसच्या जोडीला ‘वीस दोन’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. इथं आकडा फोडून विचारणं रोजचंच आहे. छापताना मात्र ५९.

[दृश्य: पडद्यावर वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी. कर्सर एका आकड्यावर.]

मिलियन म्हणजे दहा लाख. बिलियन म्हणजे शंभर कोटी, आपला अब्ज. थकलेल्या डोळ्यांना बिलियनचा सरळ कोटी दिसतो आणि रक्कम शंभरपट आटते. काकांच्या वहीत अब्जही खोडलाय: “कोटीत लिहा. अब्ज म्हटलं की लोक बोटं मोजतात.”

त्याच कॉपीत एक तारीख, ६/८. कॉपी अमेरिकेतली असेल तर ८ जून, आपल्याकडची असेल तर ६ ऑगस्ट. ९/११मध्ये महिना आधी येतो, २६/११मध्ये दिवस. दोन्ही आपण एकाच दमात म्हणतो. बातमीत महिना अक्षरातच हवा.

[दृश्य: टायपिंग. ‘१.५ लाख’ खोडलं जातं. ‘दीड लाख’.]

हा शॉट आम्ही तीनदा वापरणार होतो. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन! एका शब्दात अपूर्णांक सांगणारी भाषा हाताशी असताना दशांशचिन्ह कशाला मिरवायचं? अर्थसंकल्पाचा तक्ता सोडला, तर आम्हाला तरी कारण सापडलं नाही.

[‘२ जण’ खोडून ‘दोघे’. ‘३ महिला’ खोडून ‘तिघी’.]

माणसं मोजायला मराठीत वेगळे शब्द आहेत. दोघे, दोघी, तिघे, चौघी. वस्तूंना ते लागत नाहीत. दोन ट्रक, पण दोघे चालक. ही मोजणी चारपर्यंत चालते, पाचापासून ‘जण’ लागतात.

चूक छापून गेलीच, तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा येतो. आमच्या चित्रीकरणाच्या रात्री तशी वेळ आली नाही.

[दृश्य: घड्याळ, १२.४०. डेस्कवर दोघंच. पहिल्या पानावर महामार्गावरच्या अपघाताची बातमी, मथळा: ‘चौघांचा मृत्यू’. फोन वाजतो.]

[ती ऐकते. “हं.” “कधी?” “हं.” फोन ठेवते. काही क्षण बोटं कीबोर्डवर तशीच.]

[‘चौघांचा’ खोडलं जातं. ‘पाच जणांचा’.]

काकांच्या वहीचं शेवटचं पान: “मृतांचा आकडा तीन ठिकाणी बघणे. मथळा, पहिला परिच्छेद, फोटोओळ.”

[ती पहिल्या परिच्छेदात बदल करते. पान सोडायला माउसकडे हात जातो. मागून पान लावणाऱ्याचा आवाज.]

“मॅडम, फोटोखाली अजून चौघेच आहेत.”

[काळा पडदा. छपाई यंत्राचा आवाज.]