आठ खुर्च्यांचं टेबल

(मोठं सभागृह, मागच्या रांगेतून. पडद्यावर आलेख.)

मूत्रपिंडविकारांच्या परिषदेचं हे मुख्य सभागृह. मंचावर मधुमेहातल्या मूत्रपिंडविकारावर भाषण चालू आहे. आकडे ताजे, आलेख देखणे. शेवटी प्रश्नांसाठी पाच मिनिटं, आणि माईक फिरतो तो पुढच्या दोन रांगांत.

(दार उघडतं. लहान खोली.)

शेजारच्या खोलीत एक गोल टेबल, आठ खुर्च्या, स्क्रीनला जोडलेला मायक्रोस्कोप. सात तरुण डॉक्टर, आणि मार्गदर्शक म्हणून एक ज्येष्ठ नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ), सगळ्यांच्या मॅडम. वेळ ९० मिनिटं, केस तीनच. चौथी घेण्याचा मोह आयोजकांना होतोच; मग एकही केस तडीस जात नाही.

(केसचा कागद, जवळून.)

प्रत्येक केस एका पानात. वय, तक्रार, रक्तदाब, औषधं, लघवीची तपासणी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) मात्र आजचं एकटं चालत नाही. जुने सापडतील तितके रिपोर्ट हवेत, तारखांसकट. ३.८ हा आकडा तीन वर्षांत गाठला की तीन आठवड्यांत, त्यावर पुढचं सगळं ठरतं. रुग्णाचं नाव काढून टाकायचं असतं. ते पानावरून निघतं आणि सोनोग्राफीच्या फोटोच्या कोपऱ्यात राहून जातं. शेवटी एकच प्रश्न. ‘पुढे काय करू?’ असा मोघम नको. ‘बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड थांबवू का?’ असा हवा. (बायोप्सी म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणं.)

निदान पानावर लिहीत नाहीत. मार्गदर्शकांनाही ते आधी कळवलेलं नसतं. उत्तर हाती नसताना त्या कोणत्या क्रमानं विचार करतात, कुठे अडतात, कोणती शक्यता आधी खोडतात, ते इथे ऐकायला मिळतं. मंचावरून दिसतो तो फक्त निष्कर्ष.

(सेंट्रिफ्यूज. मार्गदर्शकांचे हात.)

पहिली केस: क्रिएटिनिन तीन आठवड्यांत १.१ वरून ३.८. लॅबच्या रिपोर्टात लघवीत लाल पेशी २० ते २५, ‘कास्ट नाहीत’. (कास्ट म्हणजे मूत्रपिंडाच्या नळिकांत तयार होणारे सूक्ष्म साचे.) मॅडम रिपोर्ट बाजूला ठेवतात आणि नमुना मागतात. लघवी ताजी हवी, दोन तासांच्या आतली. त्यानंतर कास्ट विरायला लागतात, पातळ आणि अल्कधर्मी लघवीत तर लवकरच. १० मिलिलिटर नळीत, नळी सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात, मिनिटाला १५०० ते २००० फेरे, पाच मिनिटं. वरचं पाणी ओतून टाकायचं. तळाशी राहिलेल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये गाळ हलक्या हातानं मिसळायचा. जोरात हलवलं तर कास्ट मोडतात. एक थेंब काचपट्टीवर, वर कव्हरस्लिप.

(मायक्रोस्कोपचा स्क्रीन, पूर्ण चौकट.)

एक डॉक्टर थेट मोठ्या लेन्सवर जातो. त्याला थांबवलं जातं. आधी लहान लेन्स, आणि कव्हरस्लिपच्या कडांवरून फेरी, कारण कास्ट बहुधा कडेला सरकतात. कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली, प्रकाश कमी. बहुतेक ठिकाणी चुकतं ते इथेच. लख्ख उजेडात फिकट कास्ट दिसतच नाहीत.

आता पाहा. लाल पेशींनी भरलेला हा कास्ट. बाजूच्या काही पेशींना फुगे आलेत. म्हणजे रक्त खालच्या मार्गातून आलेलं नाही, ग्लोमेरुलसमधून, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणीतून आलंय. मातकट तपकिरी दाणेदार कास्ट असते, तर संशय नळिकांच्या इजेवर गेला असता. लॅबच्या यंत्रानं लाल पेशी मोजल्या होत्या, आकार पाहिला नव्हता.

मग कागदावरचा प्रश्न. बायोप्सी लगेच करायची, पण तिच्यासाठी स्टेरॉइड अडवून ठेवायचं नाही. स्टेरॉइडमुळे पहिल्या काही दिवसांत तुकड्यातली माहिती पुसली जात नाही. बायोप्सीआधी रक्तदाब १४०/९० च्या खाली आणायचा. ओघात एक जुनी गोष्ट निघते: इव्हर्सन आणि ब्रुन यांनी १९५१ मध्ये सुईनं बायोप्सीची पद्धत मांडली तेव्हा रुग्ण बसलेला असे, १९५४ मध्ये कार्क आणि म्यूर्के यांनी त्याला पालथं झोपवलं, आणि पुरेसा तुकडा मिळण्याचं प्रमाण कितीतरी वाढलं.

(टेबलाभोवतीचे चेहरे.)

बोलण्याचा क्रम ठरलेला आहे: सर्वांत नवखा आधी, मार्गदर्शक शेवटी. उलटं केलं की मॅडमच्या मताला कुणी हात लावत नाही. मार्गदर्शकांना स्लाइड आणायला मनाई आहे. लॅपटॉप उघडला की दहा मिनिटांत व्याख्यान सुरू होतं. मोठी माणसं याला अपवाद नाहीत.

(कागदावर रेघ ओढणारं पेन.)

दुसरी केस: रक्तातलं सोडियम १०८, म्हणजे फारच कमी; ग्लानी, थायझाइडची (रक्तदाबाची) गोळी चालू. तीन टक्के सलाईन १०० ते १५० मिलिलिटर, लागल्यास पुन्हा. सोडियम ४ ते ६ नं वाढलं की धोका टळतो. हे सातही जणांना पाठ आहे. मॅडम विचारतात, “लघवी किती होतेय?”

टेबल गप्प.

गोळी बंद झाली की मूत्रपिंड साठलेलं पाणी एकदम सोडू लागतं. लघवी तासाला १०० मिलिलिटरच्या वर जाते, पातळ होते, आणि सलाईन थांबवलं तरी सोडियम चढतच राहतं. २४ तासांत ८ नं वाढण्याची मर्यादा रात्रीतच ओलांडली जाते. म्हणून लघवी दर तासाला मोजायची, सोडियम दर दोन ते चार तासांनी. वेग वाढला तर पाच टक्के डेक्स्ट्रोज आणि डेस्मोप्रेसिन (लघवी रोखणारं औषध). चुकलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

तिसरी केस प्रत्यारोपणातल्या दात्याची. घरातल्यांच्या गोष्टी होत्या, कॅमेरा बंद ठेवला.

(हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या.)

शेवटची पाच मिनिटं. प्रत्येकानं आपल्या वॉर्डात बदलायची एकच गोष्ट लिहायची. तीन महिन्यांनी याच गटाची अर्ध्या तासाची ऑनलाइन भेट, आणि तिची तारीख खुर्चीवरून उठण्याआधी ठरवायची. ‘नंतर कळवतो’ म्हटलं की ती होत नाही. सातपैकी चार चिठ्ठ्यांवर एकच ओळ आहे: सेंट्रिफ्यूज वॉर्डाजवळ आणायचं.