रोजकीर्द आणि वजनकाटा

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या दवाखान्यात एक जुना, सुईचा वजनकाटा आहे. त्यावर पाय ठेवण्याआधी माणसं काय काय उतरवून ठेवतात, हे बघण्यासारखं असतं. चपला सगळेच काढतात. पुरुष मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवतात. एकदा एका बाईंनी पर्स ठेवली, घड्याळ ठेवलं, पाटल्या काढल्या आणि मग मंगळसूत्राला हात घातला. मी म्हटलं, "अहो ताई, राहू दे ते. पंधरा ग्रॅमचं असेल फार तर." तर म्हणाल्या, "मॅडम, पंधरा तर पंधरा!"

या ताई साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहेत. आज त्यांचीच गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच सांगते आहे. वय 44, उंची पाच फूट एक इंच, वजन 74 किलो, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. भाचीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. "लग्नापर्यंत दहा किलो उतरवायचंय," म्हणाल्या. बाशिंग भाचीच्या कपाळाला आणि उतावीळ मावशी!

मी विचारलं, "धाकट्याच्या बाळंतपणानंतर वजन किती होतं?" 62 होतं. धाकटा आता बारा वर्षांचा. म्हणजे बारा वर्षांत बारा किलो, वर्षाला एक. कॅशियर बाई समोर असल्यावर आकडेमोड करायला मजा येते. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. त्याला 365 नं भागा. दिवसाला 21 येतात. 21 कॅलरी म्हणजे अर्धा चहाचा चमचा तेल. हा अर्थात कागदावरचा हिशेब आहे, शरीर इतकं सरळ चालत नाही. पण फोडणीत रोज अर्धा चमचा जास्त, एवढ्यावर ते वजन येऊन बसलं होतं. कुणाला दिसलं नाही, त्यांनाही नाही. आणि आता ते साठ दिवसांत निघायला हवं होतं.

त्यांनी भात बंद केला, चहातली साखर बंद केली, संध्याकाळी चालायला लागल्या. आठव्या दिवशी दवाखान्यात आल्या त्या कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. वजन अडीच किलो उतरलं होतं, त्याचे पेढे! मी एक खाल्ला, खोटं कशाला सांगू. आणि मग तोंड गोड झाल्यावर कडू बोलले.

श्रोतेहो, पहिल्या आठवड्यातली ही उतरण बहुतेक पाण्याची असते. आपण खाल्लेल्या पिठूळ पदार्थांचा थोडा साठा शरीर यकृतात आणि स्नायूंत करून ठेवतं. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाच्या अंगात तो चारशे-पाचशे ग्रॅम असतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. खाणं एकदम कमी केलं की शरीर आधी हा साठा वापरतं आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो असेच जातात. ताईंना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, "ही गल्ल्यातली रोकड आहे. चरबी ही मुदत ठेव. गल्ला सकाळी रिकामा झाला तर संध्याकाळी भरतो. ठेवीला अजून कुणी हात लावलेला नाही." त्यांचा चेहरा पडला. अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेल्या माणसाला हळद पुसून दाखवणं हे फार वाईट काम आहे, पण ते डॉक्टरला करावं लागतं. कारण सगळे 'सात दिवसांत चार किलो' वाले याच पाण्यावर दुकानं चालवतात.

तिसऱ्या आठवड्यात त्या आल्या त्या रागानं. "मॅडम, तुमचा काटा बिघडलाय. काल घरच्या काट्यावर बघितलं त्यापेक्षा सातशे ग्रॅम जास्त!" तेव्हा कळलं, की त्या रोज सकाळ-संध्याकाळ वजन करत होत्या आणि वहीत लिहीत होत्या. पतसंस्थेत संध्याकाळी रोजकीर्द लिहून रोकड जुळवल्याशिवाय घरी जाता येत नाही. दहा रुपये कमी भरले तरी सगळे थांबतात. वीस वर्षांची ती सवय. तीच त्यांनी शरीराला लावली होती. काल इतकं चाललो, इतकं कमी खाल्लं, तर आज इतकं उतरायलाच हवं.

मी म्हटलं, "सातशे ग्रॅम चरबी चढायची तर पाच हजारांवर कॅलरी जादा खायला हव्यात. एका वडापावाचे तीनशेच्या आसपास धरले, तर अठरा वडापाव. काल रात्री अठरा वडापाव खाल्लेत का?" हसल्या. मग एकेक निघालं. आदल्या दिवशी शेजारी वास्तुशांत होती, पंगतीत पापड-लोणचं झालं होतं. मीठ पाणी धरून ठेवतं. पाळी चार दिवसांवर आली होती. त्या दिवसांत अंगावर पाणी चढतं, काहींना किलो-दीड किलोसुद्धा. पोट दोन दिवस साफ नव्हतं. आणि त्याच आठवड्यात त्यांनी सकाळी अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्यानं 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चढायला सुरुवात केली होती. नव्या व्यायामानं पोटऱ्या-मांड्या दुखतात ना, तेव्हा त्या स्नायूंत थोडं पाणी साठतं. म्हणजे व्यायाम सुरू केला म्हणून काटा वर गेला, असंही होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात माणसं व्यायाम सोडतात.

वही बंद करू नका, पण आठवड्यातून एकदाच लिहा, असं मी सुचवलं. ठरलेला वार, सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी. आणि तुलना करायची ती महिन्यामागच्या आकड्याशी.

आता प्रश्न असा, की किती उतरेल? रोजच्या गरजेपेक्षा पाचशे कॅलरी कमी मिळाल्या, तर एक किलोला पंधरा दिवस लागतात. महिन्याला दोन किलो, तेही सुरुवातीचे काही महिने, आणि तेही रोज न चुकता जमलं तर. सणवार, पाहुणे, आजारपण धरलं तर महिन्याला एक-दीड. तासभर चालण्याचे साधारण अडीचशे होतात. म्हणजे नुसतं चालून एक किलो उतरवायला महिना लागेल, आणि चालून येताना कोपऱ्यावर वडापाव घेतला तर तो तास त्यातच जमा. म्हणून चालू नका, असं मी म्हणत नाही. चालण्यानं साखर, रक्तदाब, झोप, गुडघे, मूड सगळं सुधारतं. पण वजन मुख्यतः ताटात ठरतं.

ताटाबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं. उपवासाबद्दल तर 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या माणसानं सगळं सांगून ठेवलंय. साबुदाणा, वर शेंगदाण्याचं कूट, वर तूप! एकच युक्ती सांगते. तेलाचा पाच लिटरचा डबा फोडाल, तेव्हा त्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात तो महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात. तोच डबा दीड महिना पुरवला, तर प्रत्येकाच्या शंभरावर कॅलरी रोज कमी झाल्या, भाकरी न मोजता. आणि डाळ, उसळ, ताक, अंडं चालत असेल तर अंडं, हे कमी करू नका. उलट थोडं वाढवा. घरात बाईच्या वाट्याला शेवटी उसळीचा रस्सा येतो आणि मटकी मुलांच्या ताटात जाते. तसं झालं, तर वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

घाईचं पुढे काय होतं, त्याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे दूरचित्रवाणीवर वजन उतरवण्याची स्पर्धा चालायची. तीतल्या 14 स्पर्धकांना केविन हॉल या शास्त्रज्ञाच्या गटानं सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. तीस आठवड्यांत त्यांनी सरासरी 58 किलो वजन उतरवलं होतं, सहा वर्षांत त्यातलं 41 किलो परत आलं होतं. आणि शरीर नुसतं पडून राहायला जेवढी ऊर्जा खर्च करतं, ती अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमी झालेली होती, सहा वर्षांनंतरही. कमी येतंय म्हटल्यावर शरीर काटकसर करायला लागतं. ही काटकसर हळूहळू उतरवणाऱ्यांच्यातही थोडी होतेच. शिवाय हलक्या शरीराला चालवायला कमी खर्च येतो. म्हणून पाच-सहा महिन्यांनी काटा अडतो. सगळ्यांचाच अडतो. ताईंचा 69 वर अडला.

भाचीचं लग्न तोवर होऊन गेलं होतं. लग्नात त्या 71 किलोच्या होत्या आणि जिलेबी खाल्ली, असं स्वतःच सांगितलं. मला ते आवडलं.

69 वर दोन महिने सुई हलेना, तेव्हा त्या खचल्या. दहा ठरवले होते, झाले पाच. मी म्हटलं, 74 चे सात टक्के काढा. पाच किलो आणि वर थोडं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. 2002 साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात आहार-व्यायामाच्या गटाला उद्दिष्टच सात टक्क्यांचं दिलं होतं, आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. आपल्या चेन्नईचा अभ्यास तर याहून नवलाचा. डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचा, 531 माणसांचा, 2006 साली प्रसिद्ध झालेला. तिथे खाणं आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण 28 टक्क्यांहून जास्त घटलं, आणि वजनात म्हणावा तसा फरक पडलाच नव्हता! काटा गप्प बसला होता आणि आत काम चाललं होतं.

काट्याला काय दिसत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका फोटोनं दाखवलंय. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपण भारतीय बारीक दिसूनही चरबीचे असतो, आणि ती पोटावर बसते. म्हणून काट्याइतकंच शिंप्याच्या टेपला महत्त्व आहे. बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत आणि पुरुषांची 90 च्या आत असावी, असं आपल्याकडे धरतात.

ताईंना मी व्यायामात थोडा जोराचा भाग घालायला सांगितला, सूर्यनमस्कार. आपल्या सातारा जिल्ह्याला ते नवे नाहीत. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून ते घालायला लावले होते. ताईंच्या आजोळी औंधकडचेच लोक, त्यामुळे ते लगेच पटलं. सुरुवात चारानं केली, आता बारावर आल्यात.

गेल्या महिन्यात त्या आल्या. चपला काढल्या, पर्स ठेवली. पाटल्या काढायचं आता विसरतात. सुई 69 किलो 200 ग्रॅमवर थांबली. म्हणजे आधीच्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्तच. मी काही बोलण्याआधी म्हणाल्या, "असू दे मॅडम, पाळी जवळ आलीय." मग पर्समधून पिशवी काढून दाखवली. भाचीच्या लग्नात शिवलेला ब्लाऊज होता. दवाखान्यातून निघून शिंप्याकडे चालल्या होत्या, दोन्ही बाजूंनी आत घ्यायला.

नमस्कार.