घन की धन?

(पडदाभर एकच डोळा. अतिशय संथ गती.)

हा डोळा वाचतोय. ओळीवरून नजर सरळ सरकत जाते, असं आपण धरून चालतो. पण नीट पाहा, तो उड्या मारतोय. थांबला. उडी. पुन्हा थांबला. एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा. उडी चालू असताना मेंदू नजरेचा पडदा जवळपास पाडूनच ठेवतो, म्हणून पान हललेलं जाणवत नाही. वाचन होतं ते थांब्यावर. तेही केवढ्या जागेत? हात लांब करून अंगठा धरा. नखाएवढीच जागा लख्ख दिसते, बाकी सगळं पुसट.

(पाटी. खडूनं लिहिलेले दोन शब्द: घन, धन.)

फरक केवढा? डोक्यावरच्या रेषेतला एक खंड आणि इवलासा वळसा. मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी आधी तिरक्या, उभ्या, आडव्या रेषा टिपतात. रेषांमधून वळणं जुळतात, वळणांमधून अक्षरं. तरीही हे काम एकामागून एक अक्षर असं चालत नाही. आता ‘मिठी’ बघा. वेलांटी ‘म’च्या आधी दिसते, उच्चारात मात्र मागून येते. डोळ्याला अख्खा घास एकदम घ्यावा लागतो. छापील असो, गिचमिड हस्ताक्षर असो, मोठा टाइप असो की बारीक, पाव सेकंदाच्या आत मेंदूला शब्दाची ओळख पटलेली असते.

(जुनं छायाचित्र. मेंदूचं रेखाचित्र.)

ही ओळख पटते कुठे? 1887 साली फ्रान्समधल्या एका सुशिक्षित गृहस्थांना अचानक एकही अक्षर वाचता येईना. दिसत होतं, बोलता येत होतं, लिहितासुद्धा येत होतं. पण स्वतः लिहिलेलं वाचता येत नव्हतं! अक्षरावरून बोट फिरवलं की मात्र ते ओळखू यायचं. 1892 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा डॉ. ज्यूल देजेरिन यांना त्यांच्या मेंदूत डावीकडे मागच्या बाजूला इजा सापडली. पुढे मेंदूच्या स्कॅनमध्ये त्याच बाजूला, खालच्या अंगाला, शब्दांना प्रतिसाद देणारी एक छोटी पट्टी दिसली. चिनी वाचणारा असो वा हिब्रू, जागा जवळपास तीच.

ही पट्टी जन्मतः वाचनासाठी राखीव नसते. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, तेवढ्यात मेंदूत नवा अवयव कुठून येणार? चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातूनच ती घडवावी लागते. वाघ डावीकडे बघो की उजवीकडे, डोळ्याला तो वाघच. अक्षराला ही सवलत नाही. म्हणूनच, नव्यानं लिहायला शिकणाऱ्याच्या या वहीत ‘उ’ आरशातल्यासारखा उलटा आलाय, तो निष्काळजीपणा नव्हे. जुनी सवय मोडली जातेय.

आणि ती कुठल्याही वयात मोडते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या 63 प्रौढांचे मेंदू तपासले. त्यातले 22 जण मोठेपणी वाचायला शिकलेले होते. शब्दांना प्रतिसाद देणारी ती पट्टी त्यांच्याही मेंदूत तयार झालेली होती. “आता या वयात काय शिकणार?” असं म्हणणाऱ्यांनी हे एवढं तरी पाहावंच.

औषधाच्या बाटलीवरचं लेबल, फॉर्मवरची सही, हे सगळं वाचता येऊ लागल्यावर बदलतं.

(पुस्तक. सुरकुतलेलं बोट.)

आजींचं बोट ‘मिठी’खाली आलंय. वेलांटीपाशी थांबलं. ओठ हलले. बोट पुढच्या शब्दावर गेलं.